पाचव्या शीलाला गप्प राहणारा माझा दादा

दादा, तुझा फोटो मी पत्रकावर छापू दिला नाही. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तिथूनच सुरू झालं.

तुला जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. शकूताई रेणापूरला मावशीकडं, तुझ्या आईकडं, आल्या, मावशीच्या शेजारी बसल्या, रडल्या. खोटं रडल्या नाहीत, तू त्यांना आवडायचास. मग डोळे पुसून मला बाहेर ओट्यावर बोलावून घेतलं. शकूताई म्हणजे आमच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष, दोन सख्खे भाऊ दारूत गमावलेली बाई. त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायची माझी हिंमत होत नाही, हे तुला माहीत आहे.

"सुजा, मतदान जवळ आलंय. बायांच्या काळजाला लागंल असं कायतरी पाहिजे. विलायतेत शिकलेलं पोरगं, कॉलेजात मास्तर, अन् लिव्हर जाऊन मेलं. त्याचा फोटो वर टाक. खाली लिही, शिकल्यासवरल्याला सोडलं न्हाई, तुमच्या घरच्याला सोडंल का?"

"ताई, तो दारूनं न्हाई मेला."

"काविळीनंच मेला ना?"

"कावीळ पाण्यानं पण हुती."

"तसं कोण वाचतंय, गं?"

एका पत्रकात एकच गुन्हेगार पाहिजे. हे मला शकूताईंनीच शिकवलं. दोन टाकले की वाचणारा गोंधळतो, कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि संध्याकाळी त्यात भजी बांधून आणतो. मी चार वर्षं अशीच पत्रकं लिहिली. दारू, दारू आणि दारू. आणि माझ्या मावसभावाला मारलं दुसऱ्याच गुन्हेगारानं, ज्याच्यावर मी एक ओळ लिहिलेली नाही.

मी नाही म्हटलं. त्या उठून गेल्या. चहाला हात लावला नाही.

आता तुझ्याशी बोलते. हे वाचणाऱ्यांनीही ऐकावं. कारण तुझ्याबद्दल गावात जे चाललंय ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याचाच मला संताप आहे. तू पीत होतास. लपवून काय उपयोग? तू स्वतः कधी लपवलं नाहीस.

सरकारी शिष्यवृत्तीवर तू शेफिल्डला गेलास, अन्नातल्या जिवाणूंचा अभ्यास करायला. पहिल्या थंडीत तुला तिथं कुणी नव्हतं. मावशीला फोन केला की ती रडायची, म्हणून तू मला करायचास, कारण मी शिव्या द्यायचे. एका रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला. मागं लाकडी भिंती, कोळशाची शेगडी, एक कुत्रं पाय पसरून झोपलेलं.

"सुजा, हे बघ. हापसा!"

तू फोन फिरवलास. एक जाडजूड बाई लाकडी दांडा स्वतःकडे ओढत होती, आणि खाली ग्लासात तांबूस काहीतरी उतरत होतं. खरंच आपल्या गावच्या हापशासारखं.

"दादा, ती दारू हाय."

"बिअर हाय. ती पण जिवंत."

मग तू मला शिकवायला लागलास, मी मागितलेलं नसताना. याला रिअल एल म्हणतात. तळघरात पिंप असतं, त्यात ती शेवटच्या ग्लासापर्यंत आंबतच राहते. वरून गॅस भरायचा नाही, गाळून निर्जीव करायची नाही. माठातल्या पाण्याइतकीच गार. पिंप उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवायचं, नाहीतर ती आंबट होऊन मरते. "आपल्या आंबिलीसारखं हाय बघ. सकाळची आंबील सांजच्याला वेगळी लागती का न्हाई? तसं." ज्वारीची आंबील आणि साहेबाची बिअर एका वाक्यात आणणारा माणूस लातूर जिल्ह्यात दुसरा नसेल.

त्या बिअरींची नावं मला कधी पाठ झाली नाहीत. तू ठेवलेली नावं मात्र पाठ आहेत. तुझ्यासमोर फळीवर तीन छोटे ग्लास असायचे, आणि तू एकेक घोट घेऊन आपलं सगळं खानदान काढायचास. बिटर म्हणजे छोटी आत्या: पहिल्याच घोटाला टोचून बोलते, आणि गिळल्यावर कळतं की खोटं काही बोलली नव्हती. पेल एल म्हणजे पुण्याला इंजिनिअर झालेला बाळू, जाईल तिथं संत्र्याच्या सालीचा वास मारत हिंडणारा. स्टाउट म्हणजे पुढारी, वर पांढराशुभ्र फेस आणि खाली काळाकुट्ट. पोर्टर म्हणजे आपला आज्जा: करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, थोडासा गूळ, शेवटी चुलीचा धूर. आणि माइल्ड नावाची एक होती, तिला तू कौसाबाई म्हणायचास. सख्ख्या आईचं नाव बिअरला!

"काळी हाय, मऊ हाय, आवाज चढवत न्हाई. अन् कितीबी प्या, डोकं दुखत न्हाई. आईच की."

तुझा पहिला नंबर कायम कौसाबाईला. मी पोर्टरच्या बाजूनं भांडायचे. एक थेंब चाखलेला नसताना! आज्जाला दुसरा नंबर कसा देतोस, म्हणून. तू हसून हसून ग्लास खाली ठेवायचास. "दारूबंदीवाली बाई पोर्टरची वकिली करून राहिली, बघा लोकहो." तुझ्या शेजारचे गोरे म्हातारे काही न कळता हसायचे. दर महिन्याला नवीन गावची, नवीन पिंपाची बिअर यायची, तू नवीन नातेवाईक लावायचास, आणि नंबर पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांत एकदाही आपलं एकमत झालं नाही.

मग एक दिवस तू ते पत्रक दाखवलंस आणि सगळं बिघडलं.

"सुजा, इथं लई वर्सांमागं मोठ्या कंपन्यांनी ही जिवंत बिअर बंद करत आणली हुती. गॅस भरलेली, मेलेली बिअर सगळीकडं. मंग साधी पिणारी माणसं एक झाली. सभा घेतल्या, पत्रकं वाटली, दारोदार फिरली, अन् वाचवली. तुझंच काम हाय की हे. निस्तं दारूच्या बाजूनं."

मी फोन कापला. पुढचे कितीतरी दिवस उचलला नाही.

माझंच काम? माझ्या आईच्या पाठीवर चुलीच्या लाकडाचा वळ आहे. माझा बाप देशीच्या दुकानामागं उताणा पडलेला मी शाळेचा गणवेश घालून उचलून आणलेला आहे. आमच्याकडं दुकान बंद करायचं तर बायांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकान बंद. त्या एका शिक्क्यासाठी बायका नवऱ्याचा मार खाऊन येतात. कुणी चप्पल न घालता येते, कारण चप्पल नवऱ्यानं लपवलेली असते. आणि तू मला सांगतोस की शेफिल्डमध्ये काही म्हातारे बिअरच्या चवीसाठी पत्रकं वाटत होते, आणि ते माझंच काम!

शेवटी मी फोन उचलला तेव्हा तू माफी मागितली नाहीस. तू म्हणालास, "तुझ्या बापाला दारूनं न्हाई मारलं सुजा, एकटेपणानं मारलं. आपल्याकडं माणसं पीत न्हाईत, गिळतात. दुकानामागं उभं राहायचं, तोंड लपवायचं, एका दमात घशात ओतायचं अन् पळायचं. चव कुणाला माहीत हाय? इथं बाई-माणूस बसतंय, कुत्रं बसतंय. दोन तास एक ग्लास पुरतो."

मी म्हटलं, त्या म्हाताऱ्यांना पेन्शन आहे, शेगडी आहे, बसायला खुर्ची आहे. माझ्या बापाला खुर्ची कुणी दिली असती?

तू म्हणालास, "तेच तर म्हणून राहिलो."

हेच तुझं वाईट होतं. माझाच दगड उचलून माझ्याकडे परत फेकायचास, आणि वर असा चेहरा करायचास की जणू माझ्याच बाजूनं बोलतोयस.

तू परत आलास. नांदेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलास. म्हणजे शिकवशील तेवढ्या तासाचेच पैसे, सुट्टीत ठणठणाट. विलायतेची डिग्री भिंतीवर टांगायलाही स्वतःची भिंत नव्हती. आणि इथं आल्यावर तू प्यायलासच नाहीस. बाटलीतली बिअर एकदा चाखलीस आणि म्हणालास, "ही मेलेली हाय." देगलूरच्या बाजूला कुणीतरी शिंदी चांगली मिळते म्हणालं, तर शिंदीच्या झाडाखाली जाऊन बसलास. मीही आले होते, भांडायला. एक घोट घेतलास आणि थुंकलास. "पावडर घातलीय हिच्यात. झाडानं बिचाऱ्यानं चांगलं दिलं हुतं." शिंदीवाला म्हणाला, "साहेब, पावडर न्हाई घातली तर गिऱ्हाईक म्हणतंय, चढत न्हाई." तू माझ्याकडं पाहिलंस. मी तुझ्याकडं पाहिलं. त्या एका वेळेला आपलं पटलं होतं, पण कबूल दोघांनीही केलं नाही.

आणि पंचशील. घरी वंदना असली की तू मावशीशेजारी हात जोडून बसायचास. पहिली चार शीलं खणखणीत आवाजात म्हणायचास. पाचवं आलं, मद्य वर्ज्य करण्याचं, की तोंड बंद. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "जे पाळलं न्हाई, पुढंबी पाळीन का माहीत न्हाई, ते मूर्तीपुढं कसं म्हणू? चार म्हणतो, ती पाळतो." मावशीला वाटलं, पोरगं परदेशात राहून पाली विसरलं. ती पुढच्या खेपेला तुझ्या कानाजवळ वाकून पाचवं शील मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणायला लागली, बालवाडीतल्या बाईंसारखी. सगळे गालातल्या गालात हसायचे. तू मान खाली घालून ऐकून घ्यायचास, तरी म्हणायचा नाहीस. तिला खरं सांगायलाही धजला नाहीस, आणि खोटं म्हणायलाही नाही. हे असलं अर्धवट प्रामाणिकपण मला पटत नव्हतं. आजही पटत नाही.

ग्लासाची गोष्ट तू मला लातूरच्या बसस्टँडवर सांगितलीस. नांदेडची गाडी लागायची होती, आपण चहाच्या टपरीपाशी उभे होतो. शेफिल्डमध्ये डेरेक नावाचा एक म्हातारा होता, पोलादाच्या कारखान्यात हाडं झिजवलेला. तू नवीन होतास, तो पीत होता त्या बिअरकडं बोट दाखवून विचारलंस, ही कशी आहे? त्यानं अर्धा प्यायलेला स्वतःचा ग्लास तुझ्यापुढं सरकवला. घे, चाखून बघ.

"मी निस्ता बघत बसलो, सुजा. हातच उचलंना. त्याला वाटलं, मला किळस आली त्याच्या उष्ट्याची. त्यानं सॉरी म्हणून बाहीनं ग्लासाची कड पुसली अन् परत सरकवला. त्याला वाटलं, मीच त्याला शिवून घेईना!"

आणि तू हसलास. तू हसत होतास, पण नाक ओढत होतास.

आपल्या आज्जाचा कप गावातल्या हॉटेलात भिंतीबाहेरच्या कोनाड्यात असायचा. स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, पुन्हा विसळून कोनाड्यात ठेवायचा. आज्जा हे सांगताना चिडायचासुद्धा नाही, हवामानाबद्दल बोलावं तसं सांगायचा. त्याचा नातू तू. एका अनोळखी माणसाचा उष्टा ग्लास समोर येऊन थांबला, आणि तुझा हात उचलेना.

"त्या ग्लासात काय हुतं ते मला आता आठवत न्हाई," तू म्हणालास. "पण ती बाटली आडवी कर म्हणलीस, तर माझ्याच्यानं हुणार न्हाई."

मी म्हटलं, "माणसानं माणसाला उष्टं द्यायला दारूच कशाला लागती? चहा का न्हाई चालत?"

"दे की मंग. ही टपरी हाय. तो बघ, पांढऱ्या टोपीवाला, अर्धा कप हाय त्याच्या हातात. जा, म्हण, जरा चाखू द्या. आपलं आडनाव सांग अन् मंग म्हण."

मी त्या माणसाकडं पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता. गाडी लागली. तू बॅग उचललीस, खिडकीजवळची जागा पकडलीस आणि आतून मला वेडावलंस. वादात तू पुढं होतास आणि गाडी सुटली. असंच राहिलं ते.

तुझा ताप हे सगळं झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी सुरू झाला.

डोळे पिवळे झाले, अन्न टिकेना, तेव्हा तुझ्या गल्लीतल्या पोरांनी तुला दवाखान्यात टाकलं आणि मला कळवलं. कॉटजवळ एक तरुण डॉक्टर होता, माझ्याच वयाचा. त्यानं तुझ्याकडं पाहिलं, तुझं वय पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून पिताय?"

मी म्हटलं, "तो पीत नाही."

आणि तू, अंगात ताप, ओठ सुकलेले, तू म्हणालास, "प्यायचो, डॉक्टर. विलायतेत. दोन वर्षं. बिअर."

दादा, कुणी विचारलं होतं तुला एवढं खरं? विलायतेत प्यायचो आणि आता पीत नाही, हे सगळं त्याच्या कानात गेलंच नाही. 'प्यायचो' एवढं गेलं. त्यानंतर तू पेशंट राहिला नाहीस, दारूवाला झालास. नर्स म्हणायची, त्या दारूवाल्याची सलाईन बघा. राउंडला आलेला प्रत्येक जण तुला समजावून जायचा, आता तरी सोडा. मी सांगत होते, त्याच्या गल्लीत अजून लोकांना कावीळ झालीय, पाण्याचं काहीतरी आहे, ती तपासणी करा. ऐकून घेतलं. केली नाही. तू शुद्धीत होतास तोवर मला म्हणालास, "चिडू नको. त्यांना रोज तसलेच बघायला मिळतात. त्यांची बी सवय झाली." तुझी शुद्ध हरपायला लागली तेव्हा तिथल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तपासणी सांगितली. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही पाण्यातून होणारी कावीळ होती. वेळेत कळलं असतं तरी वाचला असता असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या. पण निदान दोष त्याच्या माथी लागला नसता.

कागदांवर तोवर जे लिहायचं ते लिहून झालं होतं. गावात त्याच्याही आधी.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे बसले होते. वंदना झाली. पाचवं शील आलं तेव्हा मावशीचा आवाज तुटला, बाकीच्यांनी पूर्ण केलं. जेवणं उरकली, माणसं पांगली, भांडी घासायला आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो. मावशी राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "सुजे, खरं सांग. माझं लेकरू पिऊन मेलं का?"

"कोण म्हणलं?"

"सगळ्या म्हणत्यात. माझ्या तोंडावर न्हाई, पण मला ऐकू येतं."

बघ दादा, माझी काय गत झाली. 'न्हाई मावशी, त्यानं कधी हात लावला नाही' असं म्हटलं असतं तर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला असता. दोन दिवस. मग कुणीतरी तुझा शेफिल्डचा फोटो दाखवला असता, ग्लास हातात धरलेला, आणि मग माझं दुसरं खरंही खोटं पडलं असतं. पाण्यानं मेला हे तिला पटायला हवं असेल तर तू पीत होतास हे आधी सांगायला हवं होतं. तू अनेक वर्षं जे टाळलंस ते मी केलं. अंगणात, राखेचे हात घेऊन.

सगळं सांगितलं. हापशासारखा पंप, शेगडी, कुत्रं, तीन छोटे ग्लास. आत्या, बाळू, पुढारी, आज्जा. ती ऐकत राहिली. मग मी म्हटलं, एकीला तो कौसाबाई म्हणायचा. ती त्याची सगळ्यात आवडती.

मावशीनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, संपलं, आता ही मला कधी माफ करणार नाही. पदराआडूनच तिनं विचारलं,

"कडू हुती का?"

"न्हाई. मऊ हुती म्हणायचा. काळी, अन् मऊ."

"अन् चढायची?"

"न्हाई म्हणायचा, डोकं पण दुखत न्हाई."

"मंग कशाला पैसे घालत हुता, येडं," मावशी म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं. तू गेल्यापासूनचं पहिलं. त्याआधी ती नुसती बसून होती.

रडणं ओसरल्यावर म्हणाली, "म्हणून पाचवं म्हणत नव्हता का? मला वाटायचं इसरला. मी मेली त्याच्या कानात वरडत हुते." आणि मग राखेनं पातेलं इतकं जोरानं घासायला लागली की मला तिच्या हातातून काढून घ्यावं लागलं.

तुझ्याशी माझा वाद संपलेला नाही. मी मतदानाला जाणार आहे, आडव्या बाटलीवर शिक्का मारणार आहे, आणि आणखी बायांना घेऊन जाणार आहे. कारण आमच्या गावातल्या दुकानामागं डेरेक नाही. तिथं कुणी कुणाला चाखायला देत नाही. शेवटच्या घोटासाठी एकमेकांची गचांडी धरतात. पण ग्लासाच्या गोष्टीला मी बसस्टँडवर उत्तर दिलं नाही, ते आजही माझ्याकडं नाही. लातूरला गेले की त्या टपरीपाशी उभी राहते, माणसांच्या हातातले कप बघते. कुणाला विचारलेलं नाही. तू ज्या खुर्चीबद्दल, ज्या शेगडीबद्दल बोलायचास ती मला दारूशिवाय हवी आहे. तू म्हणाला असतास, मग उभी कर. हो, करायची आहे. तू सोबत असतास तर भांडत भांडत केली असती. रागच येतो तुझा, दादा. जिवंत माणसाशी भांडायची सवय लावलीस आणि उठून गेलास.

तुझी खोली रिकामी करायला मी आणि मावशी नांदेडला गेलो. मी रात्रीतून नवीन पत्रक लिहून छापून घेतलं होतं. गुन्हेगार एकच. तुझ्या घरमालकाचा बोअर, आणि त्याला खेटून असलेली मैल्याची टाकी. तू ते पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं होतंस, घरमालकाला सांगितलंही होतंस, हे मला तुझ्या शेजाऱ्यांनी सांगितलं. तो तुला म्हणाला होता, "सर, बाकीच्यांना काही होत नाही. तुम्ही विलायतेत राहून नाजूक झालात." मग तू गॅस असेल तोवर पाणी उकळायचास. कॉलेजचे पैसे अडकले की गॅस नाही, मग तसंच. जिवाणूंचा अभ्यास करायला सरकारनं साता समुद्रापार पाठवलेला माणूस!

तुझं सामान एका ऑटोत मावलं. पत्रकं वाटायला मी गल्लीत उभी राहिले. मोटार चालू होती, बोअरच्या नळापाशी बायांच्या घागरींची रांग. घरमालक आला, पत्रक वाचलं, फाडलं नाही. घडी घातली आणि मावशीकडं वळून फार मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, वाईट तर आम्हालाबी वाटतंय. पण खरं बोलावं लागतं. सर प्यायचे. दवाखान्यात त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणं. उगी पाण्यावर कशाला?"

रांगेतल्या बायांनी माना हलवल्या. त्यांनीही तेच ऐकलं होतं.

मी तोंड उघडलं. मावशीनं हातानं मला थांबवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हाव, प्यायचा. मला माहीत हाय. कोणती आवडायची ते पण माहीत हाय. तिकडं दोन वर्सं बिअर प्याला माझा लेक, अन् धडधाकट घरी आला. तुमच्या घरी पाणी प्याला, अन् मेला."

 मोटार चालूच होती. नळाखालची घागर भरून वाहायला लागली होती. जिची होती त्या बाईनं ती उचलली नाही, तिच्या कडेला एक लहान पोर होतं. तिनं मावशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मंग आम्ही कुठलं प्यावं, ताई?"

माझ्या हातात तिला द्यायला पत्रक होतं.